सल्फाची दोन टोकं

क्लोरोसल्फोनिक अ‍ॅसिडची बाटली उघडायची झाली की मी मुलांना आधी फ्यूम हूडची काच खाली ओढायला लावते. हवेतला ओलावा लागला की ते धूर सोडतं. श्रावणात तर झाकण सैल होतंय न होतंय तोच पांढरा लोट बाटलीच्या गळ्यावरून खाली उतरायला लागतो. पाण्याचा थेंब पडला तर फाडकन उडतं. एवढी भीती सोडली, तर आमच्या औषधी रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये सल्फोनामाइडइतकं समजूतदार काम दुसरं नाही. कोरड्या फ्लास्कमध्ये अ‍ॅसिटॅनिलाइड घ्यायचं, त्यावर अ‍ॅसिड बेताबेतानं सोडायचं, हायड्रोजन क्लोराइडचा जोर ओसरला की साठ-सत्तर अंशांवर थोडा वेळ तापवायचं आणि गार झालं की बारीक धारेनं कुटलेल्या बर्फावर ओतायचं. बर्फ तडतडतो आणि पांढरट गोळे खाली बसायला लागतात. हे सल्फोनिल क्लोराइड. ते गाळून लगेच अमोनियात टाकायचं, मग सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उकळायचं, शेवटी फेस थांबेपर्यंत खायचा सोडा. गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक काढले की १६५ अंशांच्या आसपास वितळणारं सल्फॅनिलामाइड तयार. यील्ड वाईट आलं तरी काहीतरी हाती लागतंच, म्हणून परीक्षेला हे प्रॅक्टिकल आलेला मुलगा खुशीत असतो.

त्याची खुशी मी तोंडी परीक्षेत थोडी कमी करते. थेट अ‍ॅनिलिनपासून का सुरुवात केली नाहीस? अ‍ॅनिलिनचा अमाइन गट मोकळा ठेवला, तर तयार झालेलं सल्फोनिल क्लोराइड शेजारच्या रेणूच्या अमाइनलाच जाऊन चिकटेल आणि फ्लास्कमध्ये लगदा होईल. म्हणून त्यावर अ‍ॅसिटिल गट आधी चढवून ठेवायचा. पुढचा प्रश्न त्याहून चांगला आहे. शेवटी अ‍ॅसिडमध्ये उकळताना अ‍ॅसिटिल निघून जातो, मग सल्फोनामाइड का तुटत नाही? दोन्ही अमाइडच. इथे बरीच मुलं छताकडे बघतात. कार्बनवरचा अमाइड पाण्याच्या हल्ल्याला लवकर बळी पडतो, सल्फरवरचा मात्र ढिम्म हलत नाही. या एका चिवटपणावर सल्फाच्या औषधांचा सगळा कारखाना उभा आहे.

बनवायला सोपं, स्फटिक देखणे, साठवायला टिकाऊ. म्हणूनच जगात सल्फोनामाइडं फार झाली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कुठलाही अमाइन घ्या, कुठलंही सल्फोनिल क्लोराइड घ्या, पिरिडिनमध्ये रात्रभर फिरवा. सकाळी नवं संयुग तयार आणि प्रबंधाला नवं पान. त्यातलं औषध किती, हा प्रश्न वेगळा.

प्राध्यापकी करण्याआधी मी कोकणातल्या एका एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात क्यूसीला होते. नव्वदचं दशक. बायकांना रात्रपाळी कायद्यानंच बंद होती, त्यामुळे आम्हा मुलींची नेमणूक क्यूसी लॅबमध्येच व्हायची. सल्फामेथॉक्साझोलच्या बॅचा यायच्या. त्याची तपासणी नायट्राइट टायट्रेशननं. नमुना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचा, बर्फात ठेवून पंधरा अंशांखाली आणायचा आणि ब्युरेटमधून सोडियम नायट्राइट सोडत जायचं. काचकांडीनं एक ठिपका स्टार्च आयोडाइडच्या पेपरवर लावायचा. लगेच निळा डाग उमटला आणि मिनिटभर थांबून पुन्हा ठिपका लावल्यावरही उमटला, की एंड पॉइंट. ०.१ मोलर नायट्राइटच्या प्रत्येक मिलिलिटरला २५.३३ मिलिग्रॅम औषध. हा आकडा मला अजून झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.

लॅबच्या खिडकीतून प्लांट दिसायचा. काचेचं अस्तर असलेल्या रिअ‍ॅक्टरमधला माल खाली बर्फाच्या टाकीत सोडताना स्क्रबरचा आवाज बदलायचा. बर्फाच्या लाद्या ट्रकनं येत. तिथला म्हातारा ऑपरेटर मला भेटला की हवेबद्दलच बोलायचा. "मॅडम, आज हवा वली हाय. अ‍ॅसिड आधीच कावलंय." बाहेरच्यांना वाटतं कारखान्याची कमाई औषधातून होते, आमच्या प्लांट मॅनेजरची झोप मात्र उडायची ती उरलेल्या अ‍ॅसिडच्या पाण्यानं. एका किलो मालामागे कितीतरी पट आम्लयुक्त पाणी निघतं, ते चुन्यानं मारावं लागतं आणि मारलेल्या गाळाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

एका पावसाळ्यात सेंट्रिफ्यूज बिघडलं आणि ओलं सल्फोनिल क्लोराइड रात्रभर तसंच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच पुढे वापरलं गेलं. बॅच आमच्याकडे आली तेव्हा टायट्रेशनचा आकडा नव्याण्णवच्या वर. मालाचा रंग जरा पिवळट वाटला म्हणून आमच्या लॅबमधल्या ज्येष्ठ बाईंनी सहज एक टीएलसी प्लेट चालवली, तर सुरुवातीच्या रेषेजवळ एक ठिपका चिकटून बसलेला. सल्फॅनिलिक अ‍ॅसिड. ओलाव्यात सल्फोनिल क्लोराइडचं अ‍ॅसिड झालं होतं, आणि त्या अ‍ॅसिडलाही अमाइन गट असतोच. नायट्राइट त्या अमाइनशी बोलतं. दुसऱ्या टोकाला औषध आहे की कचरा, याची ते चौकशी करत नाही. वरून दबाव होता की आकडा पास आहे तर माल सोडा. बाईंनी सोडला नाही. त्यावरून बरीच वादावादी झाली, शेवटी बॅच पुन्हा स्फटिकीकरणाला गेली. रेणूची दोन टोकं वेगवेगळी तपासायची असतात, हे मी पुस्तकातून नाही, त्या प्लेटवर शिकले.

या दोन टोकांचाच इतिहास पुढे औषधांचा इतिहास झाला.

सल्फॅनिलामाइड पहिल्यांदा बनवलं ते व्हिएन्नातल्या पॉल गेल्मो या विद्यार्थ्यानं, १९०८ मध्ये, आणि तेही औषध म्हणून नव्हे. त्या काळी ही रसायनं रंगांच्या धंद्यातली. पुढे जर्मनीत बायरच्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत योसेफ क्लारर आणि फ्रिट्झ मिएट्झ्श यांनी लाल रंगाचं प्रोन्टोसिल बनवलं. गेरहार्ट डोमाकनं १९३२ मध्ये स्ट्रेप्टोकॉकसनं आजारी पाडलेल्या उंदरांवर ते वापरून पाहिलं आणि उंदीर जगले. १९३५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. डोमाकनं स्वतःच्या मुलीलाही ते दिलं होतं. १९३९ चं नोबेल त्याला मिळालं, पण हिटलरच्या राजवटीनं ते नाकारायला लावलं. युद्धानंतर पदक मिळालं, पैसे नाही. हे सगळं बहुतेकांनी वाचलेलं असतं. मला त्यातली गंमत वाटते ती दुसऱ्याच ठिकाणी. उंदराला बरं करणारं हे औषध परीक्षानळीतल्या जंतूंवर मात्र काहीच करेना. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ट्रेफुएल दांपत्य, निट्टी आणि बोव्हे यांनी त्याच वर्षी त्याचं कारण दाखवलं. शरीरात गेल्यावर लाल रेणू मधोमध तुटतो आणि काम करतो तो गेल्मोचा बिनरंगी सल्फॅनिलामाइड, ज्याच्यावर आता कुणाचंच पेटंट उरलं नव्हतं.

ते काम कसं करतं, हे १९४० मध्ये डोनल्ड वुड्सनं शोधलं. यीस्टच्या अर्कात असं काहीतरी होतं की ते घातलं की सल्फा निष्प्रभ व्हायचं. ते पॅरा-अमिनोबेंझॉइक अ‍ॅसिड निघालं. जंतूंना फोलिक अ‍ॅसिड स्वतः बनवावं लागतं आणि त्यासाठी हे अ‍ॅसिड कच्चा माल म्हणून लागतं. सल्फॅनिलामाइड दिसायला जवळजवळ तसंच: एका टोकाला तोच अमाइन, मध्ये तेच कडं, फक्त दुसऱ्या टोकाला कार्बनऐवजी सल्फर. ते एन्झाइमच्या जागेवर जाऊन बसतं, पंगतीत दुसऱ्याच्या पाटावर येऊन बसलेल्या पाहुण्यासारखं, जो स्वतः जेवत नाही आणि भुकेल्याला बसूही देत नाही. खरे पाहुणे पुष्कळ आले तर त्याला उठावं लागतं. म्हणून पू साठलेल्या जखमेत सल्फा हरतं. तिथे मेलेल्या पेशींतून जंतूंना हवं ते आयतं मिळत असतं.

माणसाला मात्र त्यानं काही होत नाही, कारण आपण फोलेट बनवतच नाही, भाजीतून खातो. आणि हे फोलेट माणसाला लागतं हे पहिल्यांदा कळलं ते मुंबईत, ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते. ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आली. मुंबईच्या गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पांडुरोग व्हायचा, ज्यात तांबड्या पेशी संख्येनं कमी पण आकारानं मोठ्या असायच्या. तिनं हाफकिन संस्थेत काम केलं, या बायका काय खातात ते पाहिलं, आणि १९३१ मध्ये दाखवलं की मार्माइट नावाच्या स्वस्तातल्या यीस्टच्या अर्कानं हा पांडुरोग बरा होतो. तिच्या त्या अनोळखी घटकाला बरेच दिवस विल्स फॅक्टरच म्हणत. इकडे यीस्टचा अर्क गिरणगावातल्या बाईला वाचवतो, तिकडे काही वर्षांनी इंग्लंडात तोच अर्क जंतूंना सल्फापासून वाचवतो; आणि दोन्हीच्या मुळाशी एकच जीवनसत्त्व. परळच्या रस्त्यानं जाणाऱ्या किती औषधशास्त्राच्या मुलांना हे ठाऊक असतं?

आता दुसरं टोक. सल्फॅनिलामाइड घेणाऱ्या काही रोग्यांची लघवी अल्कधर्मी व्हायची, रक्त आम्लाकडे झुकायचं आणि ते जोरजोरात श्वास घ्यायचे. जंतू मारण्याशी याचा काही संबंध नव्हता. केंब्रिजमध्ये मॅन आणि काइलिन यांनी १९४० मध्ये त्याचं मूळ सांगितलं. सल्फॅनिलामाइड कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज या एन्झाइमला रोखतं. हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट बनवतं, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात हे काम उरकतो. त्याच्या पोटात जस्ताचा एक अणू तीन हिस्टिडिनांनी धरून ठेवलेला असतो. चौथ्या बाजूला पाणी. सल्फोनामाइडचं मोकळं टोक आपला प्रोटॉन सोडतं आणि त्याचा नायट्रोजन पाण्याला हटवून जस्ताला जाऊन भिडतो.

मुलांना मी फळ्यावर एकच कडं काढून दोन्ही टोकांना हात लावून दाखवते. अमाइनचं टोक मोकळं असेल तर जंतूंचं एन्झाइम फसतं. सल्फरकडचा नायट्रोजन मोकळा असेल तर जस्त पकडलं जातं. गेल्मोच्या रेणूत दोन्ही मोकळी, म्हणून त्यानं दोन्ही उद्योग केले. सल्फरकडच्या नायट्रोजनवर एखादं कडं बसवलं की जस्ताचा नाद सुटतो आणि जंतूंविरुद्धची ताकद वाढते. सल्फाडायझिन, सल्फामेथॉक्साझोल ही सगळी त्या वाटेची. उलट अमाइनचं टोक काढून टाकलं आणि सल्फरकडचं मोकळं ठेवलं की वाट अ‍ॅसिटाझोलामाइडकडे जाते.

त्या वाटेवर पहिलं पाऊल रसायनज्ञानं टाकलं नाही, डॉक्टरनं टाकलं. १९४९ मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झनं हृदय थकून अंगावर सूज आलेल्या रोग्यांना सल्फॅनिलामाइड दिलं. जंतूंसाठी नव्हे, बायकार्बोनेटसोबत सोडियम आणि पाणी लघवीवाटे जाईल आणि सूज उतरेल म्हणून. उतरली. पण जास्त दिवस देण्याइतकं ते निर्धोक नव्हतं. लगेच अमेरिकन सायनामिडमध्ये रॉब्लिन आणि क्लॅप यांनी बेंझिनच्या कड्याऐवजी गंधक-नायट्रोजनाचं छोटं कडं वापरून पाहिलं आणि शेकडो पटींनी जोरकस अ‍ॅसिटाझोलामाइड निघालं, आपलं डायमॉक्स. मर्कमध्ये अशाच शोधात १९५७ च्या सुमारास क्लोरोथायझाइड सापडलं. त्याचं मुख्य काम या एन्झाइमवर नाहीच असं नंतर कळलं, पण रक्तदाबाच्या गोळीचा जमाना त्यानंच सुरू केला. फ्रान्समध्ये माँपेल्येला १९४२ मध्ये टायफॉइडच्या रोग्यांना एक नवी सल्फा दिली तर त्यांची साखर घसरली, त्यातून मधुमेहाच्या गोळ्या आल्या. ती कथा एन्झाइमची नाही, म्हणून इथे लांबवत नाही. मला एवढंच दिसतं की या कुळात मोठ्या उड्या मारल्या त्या रोग्याच्या विचित्र तक्रारीकडे नीट पाहणाऱ्यांनी.

आमच्या कॉलेजात हे एन्झाइम मोजायचं काम सुरू केलं तेव्हा पहिला शत्रू होता भारनियमन. बैलाच्या रक्तपेशींतून काढलेलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज छोट्या कुपीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतं आणि त्या कुपीच्या किमतीत आमच्या लॅबचा महिन्याचा बर्फ येईल. डीप फ्रीझर बंद पडला की मुलं थर्मोकोलचा डबा घेऊन शेजारच्या दवाखान्याच्या फ्रीजकडे धावायची. कार्बन डायऑक्साइडवरचं खरं काम मोजायला स्टॉप्ड-फ्लो यंत्र लागतं, ते आमच्याकडे नाही. म्हणून आम्ही वळसा घेतो. हेच एन्झाइम नाइट्रोफिनाइल अ‍ॅसिटेटही हळूहळू तोडतं आणि पिवळा रंग येतो. ४०० नॅनोमीटरवर तो किती वेगानं चढतो ते वाचायचं. संयुग घातल्यावर चढ मंदावला, म्हणजे एन्झाइम अडलं. क्युवेटमध्ये ते पिवळेपण चढताना पाहणं छान असतं, एवढं की ब्लँक चालवायचं विसरलं जातं. एन्झाइम नसलं तरी अ‍ॅसिटेट आपोआप तुटत असतं.

या पद्धतीत एक अट दडलेली आहे आणि ती न समजून घेता लिहिलेले प्रबंध मी बाह्य परीक्षक म्हणून गेल्यावर पुष्कळ वाचते. अ‍ॅसिटेट तोडणं हे या एन्झाइमचं जोडकाम, त्यात ते सुस्त. म्हणून दिसण्याइतका रंग यायला एन्झाइम भरपूर घालावं लागतं. आता निम्मं एन्झाइम अडवायला निदान त्याच्या निम्म्या संख्येचे रेणू तरी लागणारच. क्युवेटमध्ये एन्झाइमच कित्येकशे नॅनोमोलर असेल, तर पाच नॅनोमोलरला निम्मं काम थांबलं असं म्हणणारा तक्ता कागदावरच खरा असतो. विचारलं की उमेदवार मार्गदर्शकाकडे बघतो, मार्गदर्शक माझ्याकडे बघतात आणि चहा येतो. शेवटच्या प्रकरणात डॉकिंगची रंगीत चित्रं असतात, त्यात जस्ताचा गोळा आणि त्याला टेकलेलं सल्फोनामाइड. टेकणारच. मोकळं सल्फोनामाइड जस्ताला टेकतं हे आपल्याला कधीपासूनच माहीत आहे.

नॅनोमोलर आणि औषध यांच्यात किती अंतर असतं, ते मी घरात पाहिलं. आईला काचबिंदू झाला. डोळ्यातलं पाणी तयार व्हायलाही हेच एन्झाइम लागतं, म्हणून १९५४ पासून डॉक्टर डायमॉक्सच्या गोळ्या देत आले आहेत. आईचा दाब उतरला, पण बोटांच्या टोकांना मुंग्या, सारखी लघवी, आणि तिची मुख्य तक्रार ही की जेवणानंतरचा सोडा सपक लागतो. डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेली. पण तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती. सोड्याचा झणका जिभेला कळतो तो जिभेवरच्या कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजमुळे. डोळ्यासाठी घेतलेली गोळी मूत्रपिंड, नसा, जीभ सगळीकडचं एन्झाइम गाठते. माणसात या एन्झाइमची पंधरा भावंडं आहेत, त्यातली बारा कामाची, आणि त्या बाराही जणांच्या पोटात तेच जस्त.

मग थेंब का नाही? अ‍ॅसिटाझोलामाइडचे थेंब करून पाहिले, डोळ्यात शिरेचनात. बुबुळावरच्या पडद्याचा वरचा थर तेलकट, आतला पाणीदार; दोन्हींतून पार व्हायला रेणूला तेलातही आणि पाण्यातही विरघळता आलं पाहिजे. हे साधून, एन्झाइमच्या स्फटिकाच्या रचनेचा आधार घेऊन डॉर्झोलामाइड बाजारात यायला १९९५ साल उजाडलं. गोळी ते थेंब, चाळीस वर्षं. जोरकस रेणू पहिल्या दिवसापासून हातात होता. आईला आता तेच थेंब आहेत. डोळा चुरचुरतो, आणि थोड्या वेळानं तोंड कडू होतं, कारण थेंब नाकावाटे घशात उतरतो. टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरला की ते बरंच कमी होतं. हे तिला नर्सनं सांगितलं, डॉक्टरनं नाही, आणि मीही नाही.

सल्फाच्या नावावर जमा असलेली सर्वांत वाईट घटना सल्फाची नाहीच. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसेंगिल कंपनीनं मुलांना घेता यावं म्हणून सल्फॅनिलामाइडचं रासबेरीच्या चवीचं द्रावण काढलं आणि विरघळवायला डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं. शंभरावर माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यात अनेक मुलं. त्यातून १९३८ चा अमेरिकी औषध कायदा आला. आणि जवळपास पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच डायइथिलीन ग्लायकॉल ग्लिसरीनमधून आलं आणि चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. मी नोकरीला लागले तेव्हा ही घटना क्यूसीमध्ये ताजी होती. ग्लिसरीनचं पिंप आलं की लेबल काहीही म्हणो, आमच्या त्याच ज्येष्ठ बाई प्रत्येक पिंपातून नमुना काढायला लावायच्या, एकातून नव्हे. स्टोअरवाल्यांना याचा कंटाळा यायचा. "बाई, कंपनी तीच, लॉट तोच." बाई काही न बोलता पुढच्या पिंपाचं झाकण उघडायच्या.

सध्या माझी एक विद्यार्थिनी त्या पंधरा भावंडांतल्या नवव्याच्या मागे आहे. निरोगी शरीरात तो फारसा कुठे नसतो, पण प्राणवायू कमी पडलेल्या गाठींच्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला भरपूर उगवतो आणि त्यांना आपल्या आम्लातून तगून राहायला मदत करतो. फक्त त्याला गाठायचं आणि बाकीच्यांना सोडायचं, तर सल्फोनामाइडचं टोक तसंच ठेवून मागची शेपटी बदलत राहावी लागते. जस्त सगळ्यांचं सारखं असलं तरी त्याच्याकडे जाणाऱ्या खोबणीच्या कडा वेगवेगळ्या आहेत. फ्लोरेन्सच्या क्लाउडियू सुपुरान यांच्या गटानं ही वाट मळून ठेवली आहे. मुलीला संयुगं करायची घाई. मी तिला आधी विद्राव्यतेचा तक्ता भरायला लावला आहे. तिची निम्मी संयुगं डीएमएसओतून बफरमध्ये टाकली की दुधाळ होतात, आणि दुधाळ क्युवेटमध्ये पिवळा रंग वाचता येत नाही. ती वैतागली आहे. वैतागू दे.

मागच्या वर्षी भाच्यानं लडाखला जायच्या आधी फोन केला. "मावशी, ग्रुपमधले सगळे डायमॉक्स घेणार आहेत. पण मला लहानपणी सेप्ट्राननं अंगभर पुरळ आलं होतं. चालेल का?" उंचावर डायमॉक्स मदत करतं ते याच जुन्या दुष्परिणामामुळे: रक्त जरा आम्ल होतं आणि माणूस न सांगता जास्त श्वास घेतो. सेप्ट्रानमधल्या सल्फामेथॉक्साझोलचं पुरळ बहुतेकदा अमाइनच्या टोकामुळे येतं. यकृतात त्या टोकाचं हायड्रॉक्सिलअमाइन होतं आणि ते शरीरातल्या प्रथिनांना चिकटतं. डायमॉक्सला ते टोकच नाही, त्यामुळे एकाचं वावडं म्हणजे दुसऱ्याचंही, असं सहसा होत नाही. तरी पाकिटावर सूचना असतेच. मी त्याला रसायन सांगितलं आणि डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट खोदून विचारली: पुरळाबरोबर तोंडात फोड आले होते का, कातडी सुटली होती का? त्याला आठवेना. माझ्या बहिणीला आठवलं: ओठ सोलले होते, आणि चार दिवस तो फक्त गार दुधावर होता. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस हॉटेलातच पडून राहायचं, मग रोज थोडं थोडं वर चढायचं, डोकं फार दुखलं तर खाली यायचं, असं बजावून पाठवलं. ग्रुप पुढे गेला, हा मागून पोचला, आणि पँगाँगचे फोटो त्यानं सगळ्यांच्या दोन दिवस नंतर टाकले.